मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी साहित्य वाचायला कसं शिकवावं?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावचं कॉलेज, एफ.वाय.बी.ए.चा ऑप्शनल इंग्लिशचा वर्ग, बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांची तक्रार आहे की ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगूनही मुलं परीक्षेत गाईडमधलीच वाक्यं उतरवतात, आणि कधी न पाहिलेली आठ ओळींची कविता समोर ठेवली की हात टेकतात. सुरुवात कुठून करायची?

सर, तुमच्या प्रश्नातल्या 'सांगूनही' या शब्दापाशीच मी अडलो. माझ्या मते मुलं अशी होतात ती ओळीओळीचा अर्थ सांगितल्यामुळेच. तुम्ही इंग्रजी ओळ वाचता आणि श्वास न घेता तिचं मराठी करता. चार तासांत मुलांच्या लक्षात येतं की इंग्रजी ओळीकडे बघायची गरज नाही, जरा थांबलं की मराठी आपोआप येतं. मग वहीत गोष्ट मराठीत उतरते आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचं असतं. मधला पूल कुणीच बांधलेला नसतो, म्हणून गाईड. यात मुलांचा आळस कमी आणि आपली पद्धत जास्त आहे.

आधी एक चाचणी घ्या, दहा मिनिटांची. नेमलेल्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स द्या, त्यातल्या साधारण शंभर शब्दांभोवती चौकट करा आणि अजिबात माहीत नसलेले शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा. कागदावर नाव लिहायचं नाही, नाहीतर मुलं खोटं बोलतात. वाचनाच्या अभ्यासात पॉल नेशन यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या मांडणीनुसार कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. इंग्रजी कादंबरी एकट्याने वाचायला त्यांच्या हिशेबाने आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. 'शब्दकुळं' म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक. तुमच्या वर्गातले कागद गोळा केलेत की कळेल, आपण कुठे उभे आहोत ते. बहुतेक कागदांवर शंभरात पंधरा-वीस रेघा दिसल्या तर दचकू नका. त्याचा अर्थ एवढाच की नेमलेलं पुस्तक हे मुलांनी घरी एकट्याने वाचायचं पुस्तक नाही. ते वर्गात, तुमच्या सोबतीने, थोडंथोडं वाचायचं पुस्तक आहे. घरी वाचायचं पुस्तक वेगळं असतं आणि ते बरंच सोपं असतं. या दोन गोष्टी एकत्र केल्या की दोन्ही बिघडतात. घरच्या वाचनाकडे नंतर येतो.

वर्गातल्या वाचनाचं एक उदाहरण सविस्तर देतो. अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही १९०५ मधली कथा कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला असतेच. गरीब जोडपं, डेला आणि जिम. नाताळच्या भेटीसाठी ती आपले केस विकून त्याच्या घड्याळाला साखळी घेते, आणि त्याने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. नेहमीची पद्धत म्हणजे लेखकाचं खरं नाव, जन्म, तुरुंगवास, मग 'शेवटी धक्का देणारा लेखक' हे बिरुद, मग कथेचा सारांश. म्हणजे जी कथा शेवटच्या धक्क्यावर उभी आहे तिचा शेवट आपण पहिल्या पंधरा मिनिटांत सांगून मोकळे होतो! मी लेखकाविषयी एक अक्षर बोलत नाही. पुस्तक उघडायला सांगतो आणि पहिला परिच्छेद सावकाश, मोठ्याने वाचतो. एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट, बस्स एवढेच. त्यातले साठ सेंट सुटी चिल्लर. मग विचारतो, ही बाई किती वेळा पैसे मोजते? तीन वेळा. कशासाठी मोजत असेल? तीन वेळा मोजल्याने पैसे वाढतात का? इथे वर्ग हसतो, कारण महिनाअखेरीला घरात असं मोजणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. उत्तर इंग्रजीत येवो की मराठीत, ते त्या ओळीतून आलेलं असतं.

मग हिशेब मांडायला लावतो, चक्क फळ्यावर. जिमचा पगार आठवड्याला तीसवरून वीस डॉलरवर आलेला आहे, खोलीचं भाडं आठवड्याला आठ. डेला केस विकते त्याचे तिला वीस डॉलर मिळतात. आधीचे एक सत्त्याऐंशी मिळवले की एकवीस सत्त्याऐंशी. घड्याळाची साखळी एकवीसची. ती घरी किती घेऊन येते? सत्त्याऐंशी सेंट. ओ. हेन्रीने हा आकडा कथेत बरोबर दिलेला आहे, पण मुलांना तो स्वतः काढता येतो आणि मग पानावर सापडतो. सापडल्यावरचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यानंतर मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतंच, "सर, केसांचे वीस म्हणजे नवऱ्याचा आख्खा आठवड्याचा पगार." हे वाक्य कुठल्याही गाईडात मी वाचलेलं नाही. डेलाचा त्याग मोठा होता हे गाईड सांगतं. तो केवढा होता, हे त्या मुलाने दोन वेगवेगळ्या पानांवरचे आकडे जोडून काढलं. साहित्याचं वाचन म्हणतात ते हेच, फक्त त्याला अजून कुणी तसं म्हटलेलं नाही.

(गणिताची आवड असलेला एखादा मुलगा पहिल्या परिच्छेदातच अडतो. साठ सेंट एक-एक सेंटच्या नाण्यांत असतील तर उरलेला एक डॉलर सत्तावीस सेंट पाच, दहा, पंचवीसच्या नाण्यांत बसत नाही. बरोबर आहे त्याचं. अमेरिकेत त्याआधी दोन आणि तीन सेंटची नाणी निघत होती, ती धरली तर बसतो. लेखकाने एवढा विचार केला होता का, यावर वाद घालू द्या. पुस्तकावर वाद होतोय याहून काय हवं?)

दुसरं वाचन 'कुणाला काय माहीत आहे' याचं. डेलाला काय माहीत आहे, जिमला काय, आपल्याला काय? जिम दारात थबकतो आणि तिच्याकडे टक लावून बघतो. त्या नजरेचा अर्थ डेलाला लागत नाही आणि पहिल्या वेळी आपल्यालाही लागत नाही. दुसऱ्यांदा तीच ओळ वाचली की लागतो, कारण आता आपल्याला माहीत असतं की त्याच्या कोटाच्या खिशात त्या केसांसाठीचे कंगवे आहेत. 'ड्रॅमॅटिक आयरनी', म्हणजे पात्राला माहीत नसलेलं वाचकाला माहीत असणं, ही संज्ञा मी इथे देतो, आधी नाही. गोष्ट हाती लागल्यावर नाव दिलं तर ते पाठ करावं लागत नाही.

शब्दांचं काय करायचं? या कथेत निवेदक मुद्दाम जडजंबाल शब्द वापरतो, 'पार्सिमनी', 'मेन्डिकन्सी' वगैरे. ते सगळे फळ्यावर लिहून अर्थ देत बसलात तर तास संपतो आणि कथा राहते. माझा नियम साधा आहे. ज्या शब्दावाचून घटना कळणार नाही, तेवढाच शब्द आधी सांगायचा. 'फॉब चेन' सांगायलाच हवा, कारण खिशातल्या घड्याळाची साखळी म्हणजे काय हे आजच्या मुलांनी पाहिलेलं नाही. कंगवे म्हणजे आपले विंचरायचे कंगवे नव्हेत, केसांत खोचायचे कासवाच्या पाठीचे दागिने, हेही सांगायला हवं. मॅजाय म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेले शहाणे पुरुष, हे शेवटच्या परिच्छेदाआधी दोन मिनिटांत. बाकीचे शब्द तसेच सोडा. अनोळखी शब्दावरून पुढे जाण्याची हिंमत हेही एक कौशल्यच आहे, आणि शाळेत त्या मुलांना ती कधी करू दिलेली नसते.

शब्दांपेक्षा मोठी अडचण वाक्याची असते, आणि तिच्याकडे आपण फार कमी बघतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबायची आपल्या कानाला सवय असते. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद बहुधा लवकर येतात, आणि जिथे येत नाहीत तिथे आपली मुलं घसरतात. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची १९२३ च्या संग्रहातली 'डस्ट ऑफ स्नो' घ्या. दोन कडवी, आठ ओळी, ३४ शब्द, आणि एकच वाक्य. पहिलं आख्खं कडवं हा कर्ता आहे: कावळ्याने हेमलॉकच्या झाडावरून माझ्यावर ज्या तऱ्हेने बर्फाचा भुगा झटकला, ती तऱ्हा. मुख्य क्रियापद दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला येतं: त्या तऱ्हेने माझी मनःस्थिती बदलली, आणि ज्या दिवसाची मला खंत वाटत होती त्याचा काही भाग वाचवला. मी सांगतो, "पेन्सिल घ्या, 'हॅज गिव्हन' आणि 'सेव्हड' भोवती गोल करा. आता त्या दोन्हींकडून मागे या. कुणी दिलं, कुणी वाचवलं?" बरेचजण 'आय' म्हणतात, काही 'क्रो' म्हणतात, आणि मग हळूहळू 'द वे' वर येतात. शेवटचं 'रूड' हेच मुख्य क्रियापद समजून 'कवीला पश्चात्ताप झाला' असं लिहिणारेही असतात. शेवटी येतं ते क्रियापद मुख्य, ही मराठीची सवय तिथे स्पष्ट दिसते. हा सांगाडा काढणं तीन-चार आठवडे रोज एका वाक्यापुरतं करा. व्याकरणाचा वेगळा तास लागत नाही.

आता त्याच कवितेचा अर्थ. गाईड म्हणतं, कवी उदास होता, बर्फ पडला, तो आनंदी झाला आणि त्याचा दिवस चांगला गेला. मी मुलांना विचारतो, दिवस किती वाचला? मग कुणीतरी ओळीवर बोट ठेवतं: 'सम पार्ट'. थोडासा भाग. आणि 'आनंदी' हा शब्द तर कवितेत कुठेच नाही, फक्त मनःस्थिती बदलली एवढंच आहे. छापील उत्तरापेक्षा आपण बारकाईने वाचू शकतो हे मुलांना एकदा कळलं की वर्गाची हवाच बदलते.

'हेमलॉक' पाहिला की गाईडवाले विषारी वनस्पती, सॉक्रेटिसचा प्याला, मृत्यूचं प्रतीक अशी मालगाडी जोडतात. सॉक्रेटिसला दिलेलं विष एका वेगळ्याच झुडपाचं. फ्रॉस्टच्या न्यू इंग्लंडातला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातला हेमलॉक हा सूचिपर्णी वृक्ष आहे आणि तो विषारी नाही. कावळ्याचंही तेच होतं. आपल्याकडे कावळा म्हटलं की पिंड आठवतो, किंवा दारात ओरडला की पाहुणा येणार असं कुणीतरी सांगतं. मुलं ते बोलतात आणि बोलू द्यावं, पण लगेच विचारावं, हे कवितेच्या कुठल्या ओळीत आहे? केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांवर १९२९ मध्ये पुस्तक काढलं. तिथली इंग्रजी मातृभाषेची मुलंही कविता बाजूला ठेवून तयार, साचेबंद प्रतिक्रिया देत होती. तेव्हा आपली मुलं कच्ची आहेत म्हणून असं होतं, हा समज काढून टाका.

मराठीचा प्रश्न उरतोच. 'वर्गात फक्त इंग्रजी' हा फतवा मला पटत नाही. विचार मराठीत येत असेल तर मराठीत बोलू द्या. बंदी एकाच गोष्टीला: इंग्रजी ओळीच्या जागी मराठी ओळ ठेवायची नाही. चर्चा मराठीत झाली तरी पुरावा म्हणून वाचायची ओळ इंग्रजीच. शिवाय ही मुलं साहित्यात कोरी नसतात, हे आपण विसरतो. दहावीपर्यंत त्यांनी उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास केलेलं असतं. 'पर्सॉनिफिकेशन' नव्याने शिकवायची गरज नाही, चेतनगुणोक्ती म्हटलं की झालं. बालकवींची 'औदुंबर' एकदा फळ्यावर लिहा. तीही आठच ओळींची. विचारा, पांढरी पायवाट कुठून कुठे जाते? हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे. हे नुसतं निसर्गवर्णन आहे की आणखी काही, यावर मराठीतल्या जाणत्या वाचकांचंही कधी एकमत झालेलं नाही. तुमचा वर्ग अर्धा तास सहज भांडतो. मग लगेच फ्रॉस्ट काढा आणि विचारा, इथे कुठले रंग दिसतात? रंगाचा एकही शब्द नाही, तरी काळा आणि पांढरा डोळ्यांसमोर उभे राहतात. वाचायची नजर मुलांकडे असतेच, ती मराठीतून इंग्रजीत न्यायची असते.

पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही निवडायची मोकळीक मिळाली तर अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तली म्हातारीची कविता घ्या. १९७६ चा संग्रह, आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत सारख्याच ताकदीने लिहिणारा कवी. कवितेतले बहुतेक शब्द आठवीच्या मुलाला येतील असे. म्हातारी बाही पकडते, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या टापेचं ठिकाण दाखवते म्हणते. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं जेजुरीला जाऊन भंडारा उधळून आलेली असणार. पायऱ्यांवर मागे लागणारी माणसं त्यांना कुणी समजावून सांगायला नकोत. तेव्हा सगळा वेळ एका प्रश्नाला देता येतो: कवी 'मी' का म्हणत नाही, सतत 'यू' का म्हणतो? बाही नेमकी कुणाची पकडली आहे? एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, 'मी' म्हटलं असतं तर आपण म्हातारीकडे बघितलं असतं. आता ती आपल्याकडे बघते." पुढे मी काही बोललो नाही.

उलट, एफ.वाय.ला चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीपासून इंग्रजी साहित्याचा इतिहास सुरू करणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. अभ्यासक्रमात असेल तर उरकावा लागतो, तेवढा उरका. आणि एकेका मुलाने उठून एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा हा प्रकार बंद करा. वाचणाऱ्याचं लक्ष उच्चारांत असतं, बाकीचे आपला परिच्छेद कुठला येणार हे मोजत असतात, ऐकत कुणीच नाही. मोठ्याने तुम्ही वाचा, चांगलं वाचा, थांबायच्या जागी थांबा. वाक्य कुठे तुटतं हे कानाला कळलं की निम्मा अर्थ तिथेच लागतो. मुलांना वाचायला लावायचं असेल तर जोडीत, एकमेकांना, हळू आवाजात.

आता घरचं वाचन. बंगालमध्ये १९२० च्या दशकात मायकल वेस्ट हे शिक्षणाधिकारी ढाक्यात होते. त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली, नवा शब्द जपून आणणारी वाचनमाला तयार केली, कारण भारतीय मुलाला इंग्रजीत सगळ्यात आधी उपयोगी पडेल ते वाचन, असं त्यांचं मत होतं. पुढे फिजीत १९८० च्या सुमारास ग्रामीण शाळांमध्ये गोष्टीच्या पुस्तकांचा अक्षरशः पूर आणून पाहिला. ज्या वर्गांत मुलं ती पुस्तकं वाचत होती, त्यांची वाचनातली प्रगती पहिल्या वर्षात नेहमीच्या साधारण दुप्पट वेगाने झाली. म्हणजे सोपं आणि भरपूर, हे जुनंच औषध आहे. आपल्याकडे ते कुणी घेत नाही, कारण कॉलेजच्या मुलाला चित्रांचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते आणि प्राध्यापकाला ते द्यायची.

त्यावर माझी युक्ती अशी. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर इंग्रजी आणि मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट आहेत, मोबाईलवर उघडतात. मुलांना सांगायचं, "ही तुमच्यासाठी नाहीत, धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना वाचून दाखवायची आहेत." मग लाज जाते. वाचून दाखवायचं म्हणजे आधी आपण दोन-तीनदा वाचणं आलं. पहिल्या पातळीपासून चौथीपर्यंत जायला कुणाला महिना लागतो, कुणाला सेमिस्टर. मग ग्रंथालयातल्या सोप्या केलेल्या कथा. प्रश्नोत्तरं नाहीत, सारांश नाही, गुण नाहीत. मी फक्त वहीत पुस्तकाचं नाव, तारीख आणि एक वाक्य मागतो, 'कुठे कंटाळा आला?' 'काय आवडलं?' विचारलं की सगळे 'नाइस स्टोरी' लिहितात. कंटाळा विचारला की खरं लिहितात.

मोबाईलवर कॅमेरा धरला की पानाचं मराठी होतं, हे मुलांना ठाऊक आहे आणि ते थांबवणं आपल्या हातात नाही. क्रम तेवढा उलटा करा. आधी स्वतःचा अंदाज कागदावर, मग कॅमेरा. 'डस्ट ऑफ स्नो' अशी करून पाहा. यंत्राने दिलेल्या मराठीत 'सम पार्ट' नीट आलंय का, हे शोधायला मुलांना फार मजा येते.

परीक्षेचं वास्तव मलाही माहीत आहे. विद्यापीठाच्या पेपरात 'कॅरेक्टर ऑफ डेला' येणार आणि गाईडमधलं उत्तर लिहिणाऱ्यालाही गुण मिळणार. त्यामुळे गाईडवर बंदी घालू नका, ते वर्गात आणा. गाईडमधलं एक वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, याला पानावर पुरावा कुठे आहे? पुरावा मिळाला तर वाक्य ठेवायचं, पुढे ती ओळ जोडायची. नाही मिळाला तर खोडायचं. असं दहा-बारा वेळा केलं की मुलाचं स्वतःचं उत्तर तयार होतं. इंग्रजी मोडकं असेल तर दोन-तीन साचे देऊन ठेवा: 'वी नो धिस बिकॉज', 'द वर्ड सजेस्ट्स', 'अ‍ॅट फर्स्ट, बट लेटर'. एवढ्यावर एफ.वाय.चा मुलगा अर्धं पान लिहू शकतो.

अंतर्गत परीक्षेचे गुण मात्र तुमच्या हातात असतात, ते वापरा. न शिकवलेली छोटी कविता द्या, कवीचं नाव न देता. अवघड शब्दांचे अर्थ खाली देऊन टाका, परीक्षा शब्दांची नाही. तीनच प्रश्न विचारा: काय घडतं, कोण बोलतंय, आणि तुम्ही कुठल्या शब्दापाशी थांबलात व का. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त गुण ठेवा, आणि तो मराठीत लिहिला तरी चालेल असं पहिल्या सेमिस्टरला कागदावरच छापा. दुसऱ्या सेमिस्टरला ती सवलत काढा. आधीच सांगून ठेवलंत तर फारशी कुरकूर होत नाही.